तिसरी क्लॅरिनेट

फेब्रुवारीतला मंगळवार. गाड्यांवर मिठाचे पांढरे ओघळ.
व्हर्लीन टॅकेटबाई आल्या आणि म्हणाल्या, सेडान दाखव.
मला गाडीत बसायचंय,
गाडीवर चढायचं नाही.

आता आमच्या लायमा गावात सेडान विचारतं कोण?
आवाराच्या टोकाला, कुंपणाशी तीन उभ्या होत्या,
मागच्या बाकावर बसवलेल्या पोरांसारख्या.
मी पाठ केलेलं म्हणू लागलो:
निळीत सहा स्पीकर, कापडी सीट, तेल कमी पिते.
राखाडीत नऊ. स्टिअरिंग गरम होतं, सनरूफ आहे.
आणि पांढरी, तिच्यात अठरा!
छतात, खांबांत, उशीच्या मागे,
शिवाय डिकीत सबवूफर.

"अठरा?" बाई म्हणाल्या.
"माझ्या शाळेच्या बँडमध्ये पहिल्या वर्षी पोरं बारा होती."

मग हातमोजा काढून
मडकं वाजवून घ्यावं तसं
प्रत्येक दार त्यांनी बोटाच्या पेराने वाजवलं.
कान लावून. घाई नाही.
मी थंडीत पाय आपटत उभा.

फोनमध्ये एकच रेकॉर्डिंग होतं. एक्क्याण्णव सालची स्पर्धा,
कोलंबसचं एक जिम, चार मिनिटांचं मार्च.
आधी पांढरी.
ढोल थेट मांडीवर येऊन बसला,
पितळ असं झळाळलं की मीच विकत घेतली असती.
बाईंनी डोळे मिटले, उघडले.
"छान आहे.
पण ही कुणीतरी न्हाऊमाखू घालून उभी केलेली पोरं.
माझी नव्हेत."

निळीत सगळा बँड काडेपेटीत कोंबलेला,
वर टायरांची घरघर.
त्यांनी अर्ध्यातच बंद केलं.

राखाडीत
आधी खुर्ची करकरली,
मग कुणीतरी श्वास घेतला,
आणि दुसऱ्या मिनिटाला एक क्लॅरिनेट
एक मात्रा आधीच घुसली, एकटी, उघडी,
भर सभेत शिंक यावी तशी.
बाई इतक्या हसल्या की काच धुरकटली.
"डेल्फिन रोर्क! तिसरी क्लॅरिनेट.
घाबरली की थांबायचीच नाही.
आता औषधांच्या दुकानात गल्ल्यावर असते,
मी पैसे काढायच्या आत सुटे परत देते."

पण खरेदी अजून व्हायची होती.
पंचेचाळीसच्या वेगाला मागच्या डाव्या दारात काहीतरी
खुळखुळू लागलं. मी सवयीने
आवाज चार खुणा वाढवला.
बाईंनी तो शून्यावर आणला.
"आवाजाने आवाज झाकू नये, कॉर्डेल.
बी फ्लॅट आहे, किंचित उतरलेला.
दोनशे डॉलर कमी कर."

परत आल्यावर त्यांनी जुन्या गाडीतून
युफोनियमची पेटी ओढून आणली. कोपरे झिजलेले.
पांढरीच्या डिकीत ती शिरेना,
सबवूफर ठाण मांडून बसलेला.
राखाडीत तिरकी करून, दोनदा ढकलून, एकदा शिवी देऊन
मावली.
अजून सहा पोरं शिकतात म्हणे, गुरुवारी, चर्चच्या तळघरात.
सनरूफचं त्यांनी विचारलंही नाही.
सही करताना एवढंच म्हणाल्या,
"स्टिअरिंग गरम होतं ते बरं आहे. बोटं आखडतात हल्ली."

त्या संध्याकाळी घरी जाताना
मी रेडिओ लावला नाही.
पुढच्या उजव्या चाकात एक बारीक रडणं आहे.
दोन हिवाळे तरी असेल ते,
मी त्यावर बास्केटबॉलची कॉमेंटरी पांघरत आलोय.
कुठला सूर ते मला कळेना.
गुणगुणून बघितलं, जुळेना.
शेजारच्या उंच गाडीतला माणूस
माझे हलणारे ओठ बघत होता.

सिग्नल लाल होता.
हिरवा व्हायच्या एक मात्रा आधीच
मी ब्रेकवरचा पाय काढला.