टेल, टेझा, टेरी

बर्स्लेमच्या बंद पडलेल्या कपबशीच्या कारखान्यात
सिनेमा होणार, ही बातमी
पहिल्यांदा येऊन बसली ती माझ्या खुर्चीत.
मी केस कापते, चॅपलच्या कोपऱ्यावर.
माना खाली, तोंडं मोकळी:
माझ्याइतकं आतल्या गोटात कोण असणार?

लंडनहून आलेली लाइटवाली म्हणाली,
मुख्य काम टेल करतोय. सहीसुद्धा झाली.
गुरुवारी लिव्हरपूलचा ट्रकवाला:
कोण टेल? टेझा करणार ते,
त्याच्या आईच्या गल्लीत वाढलोय मी.
आणि शनिवारी आमची डोरीन,
एकेचाळीस वर्षं कपांना कान चिकटवलेली,
डोक्याला रंग, डोळे मिटलेले:
टेरीलाच मिळेल बघ, डक.
फार गुणी पोर.

डक म्हणजे मी.
नवी होते तेव्हा मागे वळून पाहिलं होतं,
दुकानात बदक शिरलं की काय म्हणून.
आता ओ देते.

तर नट तीन, काम एक.
वेंगुर्ल्याला भावाला फोन केला,
म्हटलं, जोरदार चुरस आहे.
तो म्हणाला, माका वाटता टेझाच, गो.
टेल देखणा असणार, टेझा तापट.
टेरीसाठी मात्र मला उगीच वाईट वाटायचं,
साध्या नावाची माणसं मागे राहतात.

मार्चात एक जण आला, न सांगता.
कानामागचे थोडे कमी करा, म्हणाला.
फोन दोनदा वाजला, त्याने स्पीकरवर घेतला
कारण हात टॉवेलखाली.
एक बाई: टेल, डार्लिंग, कुठे आहेस?
मग एक म्हातारा आवाज: टेझा, जेवलास का?
कार्डावर नाव टेरेन्स.

कात्री बाजूला ठेवावी लागली मला.
तिघे एकाच टॉवेलखाली,
आणि मी वेड्यासारखी हसतेय.
काय झालं, त्याने विचारलं.

काय सांगणार?
की वेंगुर्ल्यात एक कुमू आहे, गो लावून हाक मारायची,
जी म्हणे लवकरच परत येणार आहे.
अकोल्यात एक कुमुद आहे,
काय करून राह्यली वं, म्हणून सासू विचारायची,
तिने म्हणे इथे दुसरं लग्न केलं.
पाळण्यातली कुमुदिनी फक्त पासपोर्टावर,
विमानतळावरचा माणूस तिचे तीन तुकडे करतो.
सगळ्यांच्या वावड्या माझ्या कानावर येतात.
मी कुठलीच खोडून काढत नाही.
कोण जाणे, एखादीला काम मिळायचं.

काही नाही, म्हटलं. मान खाली घ्या.

सिनेमा शेवटी बोल्टनला झाला,
कुणी चौथ्यानेच केला.
डोरीन अजून दर सहा आठवड्यांनी येते,
रंग लावून घेते, डोळे मिटते,
आणि म्हणते, बिचारा टेरी.
मीही म्हणते, बिचारा.