बेडकीचा कौल

आजोबा काय काम करायचे, असं विचारलं
की ऊमा, म्हणजे माझी आजी, एप्रन तोंडाशी धरून हसते.
"बायकांना दिवस गेलेत का, ते सांगायचे."

त्यांचे स्वतःचे दिवस तळ्यात गेले.
योंकर्सहूकच्या खोऱ्यात, कमरेपर्यंत चिखलात,
डब्यात मेंढीच्या काळजाचा तुकडा बांधून
ते प्लाटाना पकडायचे.
बिनजिभेची बेडकी ती,
पायांना काळी नखं, साबणासारखी निसटणारी.
झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यांतून, ओल्या शेवाळात,
बोटीने लंडनला जायची.
एकीमागे किती पेन्स मिळायचे, ऊमाला आठवत नाही.
मुलांचे जोडे त्यातून आले, एवढं आठवतं.

तिकडे कुणा बाईची पाळी चुकली
की तिची लघवी बेडकीला टोचायचे
आणि रात्रभर बरणी झाकून ठेवायचे.
सकाळी तळाशी मोहरीसारखी काळी अंडी दिसली, तर आहे.
नाही तर नाही.
बेडकीने दिलेला कौल
डॉक्टर पाकिटात घालून पोस्टाने पाठवायचे.

ऊमासाठी कुणी बेडकी वापरली नाही.
परसात टबभर होत्या,
पण त्या साहेबाच्या, मोजलेल्या.
तिला कळलं ते कॉफीच्या वासाने.
पहाटे आजोबांनी किटली चुलीवर ठेवली
आणि ही धावत जाऊन टबाच्या कडेला ओकली.
वीस जणी पाण्यातून वर बघत होत्या.

महिने तिने द्राक्षमळ्याच्या कामांवर मोजले.
सुईण टांट सीना पोटाला थेट कान लावायची,
ऐकताना श्वास धरायची,
म्हणून खोलीतले सगळेच धरायचे.
पाच बाळंतपणं. चार जगली.
पाचव्याबद्दल ऊमा एवढंच सांगते,
की त्या वेळी टांट सीनाने दोनदा कान लावला.

दादाच्या वेळी आई इस्पितळात गेली.
इमारत एक, दारं दोन.
यंत्र पलीकडच्या दारात, गोऱ्या पोटांसाठी.
आमच्या दारात लाकडी कर्णा
आणि सिस्टर फोर्टाउन:
"लाथा मारतोय ना? मग झालं."

माझ्या वेळी, चौऱ्याण्णवच्या एप्रिलात,
आई सात महिन्यांची, मतदानाच्या रांगेत.
दुपारी कुणीतरी बसायला बिअरचा क्रेट पालथा घालून दिला.
तोही कौलच.
मे महिन्यात ती त्या दुसऱ्या दाराने आत गेली
आणि बाहेर आली ती हातात मला घेऊन,
गुळगुळीत कागदाच्या चतकोर तुकड्यावर.
आता तो कागद कोरा झालाय. बायबलमध्ये असतो.
ती उघडते, कोऱ्यावर बोट ठेवते,
म्हणते, हे तुझं नाक.

मी मॉलच्या संडासात, जेवणाच्या सुट्टीत.
तीन मिनिटं, दोन रेघा,
शेजारच्या दारामागे कुणीतरी फोनवर भांडत होतं.
नवव्या आठवड्यात मोबाइल म्हणाला, द्राक्षाएवढं.
अकराव्यात दंडातलं रक्त काढून कुठेसं पाठवलं.
उत्तर आलं: मुलगी. आणि खाली एक आकडा,
दोन हजार चारशेत एक.
नवरा म्हणाला, किती छान आकडा.
मी रात्रभर त्या एकीजवळ बसून राहिले.

रविवारी ऊमाकडे गेले.
फोनमध्ये पोर जांभई देत होती.
ऊमाने फोन उलटा केला, मागची बाजूही बघितली.
"बेडकी कुठाय?"
सगळे हसले, ती हसली नाही.
"आवाज आहे का हिला?"

मी आवाज लावला.
तिने फोन कानाशी धरला, डोळे मिटले,
श्वास धरला.
आईने धरला. दादाने, त्याच्या पोरांनीसुद्धा.
भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू.

मग तिने मान हलवली,
फोन माझ्या मांडीवर ठेवला,
गुडघ्यांवर हात टेकून किटली ठेवायला उठली
आणि दारातच थांबली.
"वास सोसतो ना गं तुला?"