किती मिरच्या

लमूल मावशी बोटं वर करून विचारते :
किती?
तू दोन म्हणतोस, मी पाच.
खलबत्ता एकच, पपईही एकच,
म्हणून ती स्वतःच तीन ठरवते,
वर लिंबू पिळते. विषय संपला.

काल देवळाच्या पायऱ्यांवर
माझ्या चपला सावलीत, तुझ्या उन्हात.
बाहेर आलो तर दोन्ही जोड शेजारी.
पोरसवदा भिक्षू खराटा मारत होता.
त्याला फक्त पानं लोटायची होती.

परवा नदीकाठची ती आंधळी हत्तीण.
तिच्या पुढे दुसरी, थांबत थांबत,
घशातल्या घशात घुमत :
इथे खड्डा, इथे चिखल, इथे ऊस.
"बहिणी?" मी विचारलं.
माहूत इनकॅव हसला.
"छे. लाकडं ओढून थकल्यावर इथे भेटल्या,
म्हातारपणी.
सहा महिने तर पटतच नव्हतं."

आज रात्री वीज गेली.
लॉजच्या जिन्यात तुझा हात सापडेना.
"पायरी," वरून तुझा आवाज.
"अजून एक. ही तुटकीय."
जीभ अजून जळत होती,
शब्द काही सुचला नाही.
मी घशातल्या घशात
नुसता हुंकार दिला.