तीन पंचमांश

खानापूरच्या कॉलेजात, शेवटच्या तासाला
निलजकर सर अमेरिकेची राज्यघटना शिकवतात.
फळ्यावर तीन चौकोन,
प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या मनगटावर.
"कुणा एकाच्या हाती सगळं द्यायचं नाही.
सत्ता म्हणजे चुलीवरचं दूध,
नजर हलली की उतू."

मग पहिले शब्द: आम्ही लोक.

"आम्ही म्हणजे किती, सर?"
मागच्या बाकावरून शेवंता मुतगेकर.
खडू थांबतो.
"गुलाम... पाचातले तीनच धरले होते तिथं,"
सर फळ्याकडेच बघत सांगतात.

ती वहीच्या कोपऱ्यात मांडते:
घरात मराठी, उताऱ्यावर कन्नड,
आणि आज्ज्यानं सही केलेला गावाचा ठराव,
ज्याला पोचपावतीसुद्धा आली नाही.
भाग जात नाही.

शेजारची गंगव्वा खोडरबर सरकवते,
"माझंबी धर की गं त्यात."