फुंकायचं नाही

आधी दिवाच लागेना.
अडॅप्टर कोमट, म्हणजे जिवंत,
पण वायर मानेशी मोडलेली;
तिरकी धरली की लाल ठिपका, सोडली की गेला.
बिबवेवाडीच्या घरातही ती तिरकीच धरावी लागायची.
ते काम माझं.
धनू खेळायचा, मी वायर धरायचे.

तपकीर गल्लीत तपकीर मिळत नाही,
आणि तीस वर्षांपूर्वीचा टीव्ही गेम दुरुस्त करणाराही.
चार दुकानं नुसती हसली.
पाचव्यात, जिन्याखाली,
दिव्यांच्या माळांच्या ढिगातून मान वर काढून
दस्तगीर शिकलगार म्हणाले,
"आधी कुणी उघडलाय?"
पाच स्क्रू हवे होते, तीनच निघाले.
भावानं, म्हटलं.
"मग बरोबर."

वायर बदलली. तीन पायांचा एक किडा बदलला,
नऊ व्होल्ट घेऊन पाच देणारा,
चार स्वतःच तापून खाणारा.
दिवा लागला.
पडदा राखाडी.
त्यांनी कॅसेट उपसली.
आम्ही कॅसेटच म्हणायचो, पिवळी,
वर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ छापलेले,
एका सुट्टीत बसून मोजले, अकरा भरले.
ती त्यांच्या हातात बघून
मी, चव्वेचाळीस वर्षांची, सहकारी बँकेत अधिकारी,
नकळत ओठांचा चंबू केला.

"फुंकायचं नाही."

का?

"वाफ असते तोंडात. तांबं खाते ती."
भिंग दिलं. एकेका दातावर हिरवं.
ते हिरवं आमचं होतं.
तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या तोंडाचं,
गालगुंड झालेल्या धनूचं,
वरच्या मजल्यावरच्या मोनिका साळुंकेचं,
जिची फुंकर सगळ्यात गुणाची म्हणून
तिला जेवणावरून उठवून आणायचो.
पण चालायचं ना हो, फुंकल्यावर?
"काढून परत बसवल्यावर चालायचं.
फुंकर फुकट."

मग खोडरबर. शाळेतलं, पांढरं.
दात घासावेत तसं वर-खाली,
मग कापसावर स्पिरिट, कापूस हिरवा, परत कापूस.
मधोमध डांबरासारखा एक काळा थेंब होता,
त्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.
"ह्याच्याखाली सगळा मेंदू. हा गेला असता
तर मी पैसेही घेतले नसते, गेमही घेतला नसता."

पडद्यावर बदकं उडाली.
शेजारचा चार्जरवालाही बघायला आला.

आता आलेच आहे तर, मी म्हटलं,
ह्या दुसऱ्या रिमोटचं स्टार्टचं बटण बसवून द्या.
माझ्या हातून तुटलं होतं.
त्यांनी रिमोट उलटा केला, सुलटा केला.
"तुटलेलं नाही. नसतंच.
पहिल्याला स्टार्ट, दुसऱ्याला नाही. कंपनीच देत नाही."
नीट बघा.
"बाई, भोकच नाही इथे."

भोकच नाही.
आईला सांगणार नाही, ह्या बोलीवर
दोन वर्षं माझ्या वाटणीची
रविवारची जिलेबी त्यानं खाल्ली.
दोन वर्षं मी मान खाली घालून
खेळ सुरू व्हायची वाट बघितली,
तो म्हणेल तेव्हा.

बाहेर स्कूटर टोइंगवाल्यांनी नेलेली.
दुरुस्तीपेक्षा दंड जास्त.

रात्री पिवळी पिन, पांढरी पिन, नवा टीव्ही.
चित्र आडवं ताणलेलं, बदकं जरा जाडी, पण आहेत.
चिंचवडला फोन लावला.
"चालू झाला?" धनू ओरडलाच. "फुंकलीस ना नीट?"
नाही, म्हटलं. फुंकायचं नसतं.
"वेडी आहेस का, त्याशिवाय कसा चालेल?"
बरं, म्हटलं.
बटणाचं काढलं नाही.
रविवारी ये जेवायला, म्हटलं, जिलेबी मागवते.
दुसरा रिमोट
त्याच्यासाठी पुसून ठेवलाय.