सतरा बरोबर शून्य

अमळनेरला, बोरीच्या पुलापलीकडे
वेडूअप्पा बडगुजरांच्या घरात
टीव्हीखाली जो रेकॉर्डर आहे
त्याला दोन पंखे आहेत. कंपनीनं एकच दिलेला.
दुसरा मेलेल्या कॉम्प्युटरचा, तारेनं आवळलेला,
कारण कंपनी जिथे बसते तिथे
मे महिना पंचेचाळीसवर जात नसावा.

पंखा राहतो. आतलं राहत नाही.
रात्री तीनला कंपनी येते, न विचारता,
पाटी पुसावी तसं सगळं पुसते
आणि सकाळी पडद्यावर लिहून ठेवते :
'आपला अनुभव आता अधिक चांगला झाला आहे.'

अप्पा टेलिफोन खात्यात लाइनमन.
वादळ झालं की दुसऱ्या दिवशी
आडवे खांब उभे करायची सवय.
बियाण्याच्या कंपनीनं वाटलेल्या डायरीत,
कपाशीच्या बोंडाच्या चित्राखाली, त्यांनी लिहून ठेवलंय
कुठला पेन ड्राइव्ह, कुठल्या भोकात,
लाल दिवा लुकलुकला की किती आकडे मोजायचे.
शेवटच्या पानावर तारखा. अकरा.
अपडेट बंदच का नाही करून टाकलं?
तेही आहे : 'बंद केलं तर चॅनल जातात.
येऊ द्यावं. गेल्यावर आवरून घ्यावं.'

बारावी वेळ माझ्यावर आली.
अप्पा पोळ्याच्या आधीच गेले होते.
मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला,
आईच्या मालिका तेवढ्या रेकॉर्ड होऊ द्या,
बाकीचं राहू द्या.

दुकान बंद करून गेलो. डायरी मांडीवर,
बोट ओळीवर ठेवून एकेक चढवत गेलो.
मालिका तीन मिनिटं आधी सुरू, दहा मिनिटं उशिरा बंद.
रिमोटचं पिवळं बटण दाबलं की थेट कालचा भाग.
मग शब्द आले, इंग्रजी उतरवून अप्पांनी बसवलेले :
रेकॉर्डच्या जागी 'धरी ठेव',
डिलीटच्या जागी 'फेकी दे',
नक्की का, च्या जागी 'इचार करी लिधा का?'
आणि सिग्नल गेला की
अख्ख्या पडद्यावर : 'आभाय ऊनं'.
मी एकटाच हसलो. कोकिळाबाई आत
वांगी भाजत होत्या, घरभर धूर.

त्यापुढे एक ओळ.
'१७ = ०. रात्री १०.३० ते पहाटे ५.'
शेजारी काही नाही.
रिमोटच्या सेलची किंमत टिपणारा माणूस
इथे मात्र गप्प.
अनोळखी वायरला हात लावू नये
हे मला अप्पांनीच शिकवलेलं.
ती ओळ मी सोडली.

तिसऱ्या दिवशी कोकिळाबाई दुकानाच्या पायरीवर,
उन्हातून आलेल्या, पदरानं मान पुसत.
"सर्वं व्हई गयं, भाऊ. मालिका दखास.
पन रातले तो निया दिवा
डोयावर पडस.
त्या व्हतात तवय पडे नही."

एकच खोली. खाट टीव्हीसमोर.
दिवा विझवणारं कुणी असतं
हे त्यांना ठाऊकच नव्हतं.
त्यांना वाटायचं, रात्र झाली की
डबाही झोपतो.

पुन्हा गेलो. ओळ घातली.
भर दुपारी घड्याळ खोटं पुढे ढकललं,
दहा एकोणतीस, आणि थांबलो दोघं
त्या निळ्या ठिपक्याकडे बघत.
गेला.
"हां," त्या म्हणाल्या, "असंच,"
आणि चहा ठेवायला उठल्या,
पण चुलीपाशी बराच वेळ
काडी ओढल्याचा आवाज आला नाही.

मी घड्याळ खऱ्यावर आणलं.
डायरीत बारावी तारीख टाकली, निळ्या शाईत,
वरच्या अकरा काळ्या.
मग मागे जाऊन सतराच्या शेजारी
मोकळ्या जागेत लिहिलं :
'दिवा. बाई झोपतात.'
अक्षर जरा वेडंवाकडं आलं.
पुढच्या वेळी कोण असेल, त्याला वाचता यावं
म्हणून परत गिरवलं.