माती झटकून

आलं तोलण्याआधी माती झटकावी लागते.
चम्फाईच्या उतारावर चाळीस वर्षं मी तेच करतोय.
कपाळाला पट्टा लावून बायका टोपल्या वर आणतात,
धापा टाकत ओट्याला टेकतात,
आणि मी एकेक गड्डा अंगठ्यानं खरवडतो.
ओली माती किलोमागे छटाकभर खोटं बोलते.
मापात पाप नको, म्हणून लोक माझ्याच काट्यावर येतात.
म्हणूनच मंडळीनं मला वडील केलं.
घरात मी आधीपासून होतोच.

रेमरुआतीला पाचवा महिना लागला
तेव्हा सभेच्या खोलीत आम्ही सात जण.
चहा आला होता,
छपराच्या पत्र्यांचा हिशेब चालला होता.
कुणी काही विचारलं नव्हतं.
हे मला पक्कं आठवतं, कुणीच विचारलं नव्हतं.
मीच उठलो:
"नियम माझ्या लेकीलाही तोच. तिचं नाव यादीतून काढा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.
पाळक म्हणाले, थोडं थांबू या का?
मी म्हणालो, काटा थांबत नसतो.
सगळ्यांनी माना खाली घातल्या.
मला वाटलं, आदरानं.

घरी पोचलो तर ती चुलीशी.
बातमी माझ्याआधी आली होती,
आमच्याकडे भिंती बांबूच्या.
तिनं एवढंच विचारलं,
"त्यांनी म्हटलं, की तुम्ही?"
खरं बोलायची मला सवय.
पहाटेच्या सुमोत मागची जागा मिळाली तिला,
ऐझॉल, आणि तिथून बंगळूर.

सात वर्षं.
थनपारी भात टाकताना
मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढते,
इथं घरोघर काढतात,
त्या मुठींवर शाळा उभ्या राहिल्यात.
परवा टॉर्च शोधताना सरपणामागे
दुसरा डबा सापडला.
सवयच ती, काट्यावर ठेवला.
डबा वजा जाता एकोणीस किलो चारशे.

"हे कुणाचे?"
"देवाच्या मुठीतले नाहीत," ती म्हणाली,
"माझ्या ताटातले आहेत."
साठले की विकते, पैसे पाठवते.
नातवाची फी असते. त्याला बूट लागतात,
पाय फार वाढतो म्हणे.
हे सगळं तिनं कांदा चिरत सांगितलं,
वर न बघता.

मी वजन पुन्हा पाहिलं.
माती नव्हती त्यात.

त्या रात्री माझं वाक्य काढून समोर ठेवलं.
आठ शब्द.
खरवडून तोललं असतं त्या दिवशी, तर काय उरलं असतं?
नियम उरला असता, बहुतेक.
कदाचित नावही निघालं असतं यादीतून,
चार महिन्यांनी परत लागलं असतं,
लोकांची लागतात.
पण "माझ्या" हा शब्द गळून पडला असता.
सगळी माती त्यालाच होती.

आज शनिवार. फोन आला
तेव्हा थनपारी डुकरांकडे गेलेली.
शनिवारी मी फोनला हात लावत नाही,
हे आमच्यात न बोलता ठरलेलं.
तो वाजत राहिला. उचलला.

"कोण?"
पोराचा आवाज. शब्द आमचाच,
हेल तिकडचा.
मी "आजोबा" जिभेवर ठेवून पाहिला.
उधारीचा वाटला.
"वडील" ठेवला. तो मंडळीचा.
काटा हलत राहिला.
पोरगं ओरडलं, "आई, कुणी बोलतच नाही!"

मग ती आली. श्वासावरून कळलं
की तिलाही कळलंय.
दारात थनपारी, हात कोपरापर्यंत ओले,
पुढे येईना, मागे जाईना.

"आल्याचा भाव," मी म्हणालो,
"भाव सांगायचा होता."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली,
दुसरी झाली.

"सांगा," ती म्हणाली.